बॅटरीच्या इलेक्ट्रोडवर संरक्षक थर देणाऱ्या आमच्या मशीनच्या पेटंट अर्जावर कागद-कोटिंगच्या जुन्या मशीनचा दाखला देऊन हरकत आली आहे. परीक्षकाला बॅटरी कळत नाही का? उत्तर काय द्यावं?

परीक्षकाला बॅटरी कळते हो. पण तुम्ही पेटंट मागितलंय मशीनचं, आणि मशीन तपासताना त्यातून कोणता माल जातो याला फार किंमत नसते.

'इलेक्ट्रोडवर संरक्षक थर देण्यासाठीचं यंत्र' असं क्लेमच्या, म्हणजे अर्जातल्या हक्काच्या मागणीच्या, पहिल्या ओळीत लिहिलं की आपल्याला वाटतं, आता कागदवाले, टेपवाले बाहेर. तसं होत नाही. 'साठीचं' याचा अर्थ तपासणीत 'त्या कामाला चालू शकेल असं' एवढाच धरतात. युरोपात तसंच. अमेरिकेत तर परीक्षकांच्या नियमपुस्तकातच आहे की मशीनमधून जाणाऱ्या मालाने मशीनचा क्लेम वेगळा ठरत नाही. तुमच्या क्लेममध्ये अनवाइंडर (रोल उलगडणारा), पंप, स्लॉट डाय (अरुंद फटीतून द्रव सोडणारं तोंड), ड्रायर आणि रिवाइंडर (पुन्हा गुंडाळणारा) एवढंच असेल तर ती कागदाचीही लाइन आहे आणि फोटो-फिल्मचीही. धावत्या पट्टीवर पातळ, एकसारखा थर देण्याचं तंत्र फोटो-फिल्मवाल्यांनीच पक्कं केलं. कोटिंग करणारं तोंड आणि फिल्म यांच्यामधला द्रवाचा मणी किंचित व्हॅक्यूम लावून स्थिर ठेवायचा, हे कोडॅकच्या बेगिन यांचं पेटंट १९५४ सालचं. एका वेळी अनेक थर देण्याचं त्याच कंपनीचं पेटंट १९५६ सालचं. लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली १९९१ मध्ये. परीक्षक ते जुने कागद काढणारच, आणि त्याने काढलेच पाहिजेत.

हे मी इतकं ठासून सांगतोय, कारण तुमचा प्रश्न मी शब्दशः ऐकलेला आहे, आमच्या साहेबांच्या तोंडून.

मी भोसरीत एका छोट्या कंपनीत डिझाइनला होतो. कंपनीचं नाव घेत नाही. चिकट टेप, लेबलं, औषधांच्या ब्लिस्टरची फॉइल यांच्या कोटिंग लाइन आम्ही बनवायचो. २०१६ च्या सुमारास एका ग्राहकाने पायलट लाइन मागितली. अॅल्युमिनियमच्या फॉइलवर कॅथोडची (बॅटरीच्या धन इलेक्ट्रोडची) काळी स्लरी, म्हणजे दाट द्रव, आणि तिला लागून टॅबच्या (वीज बाहेर नेणाऱ्या पट्टीच्या) बाजूला सेरॅमिकची सातआठ मिलिमीटरची पांढरी पट्टी. दोन्ही एकाच डायमधून, एकाच वेळी.

ती पांढरी पट्टी म्हणजेच संरक्षक थर. अॅल्युमिना किंवा बोहेमाइटची बारीक पूड आणि बाइंडर, बाकी काही नाही. पण सेपरेटर, म्हणजे दोन इलेक्ट्रोडमधला पातळ पडदा, तापून आकसला तर टॅबच्या बाजूचं उघडं अॅल्युमिनियम चार्ज झालेल्या अॅनोडला (ऋण इलेक्ट्रोडला) टेकू शकतं, आणि सेलच्या आत होणाऱ्या शॉर्टपैकी हा सगळ्यात घातक. म्हणून काळं संपतं तिथेच पांढरं सुरू व्हायला हवं. मध्ये केसाएवढी फट राहिली तर तेवढं अॅल्युमिनियम उघडं पडतं. पांढरं काळ्यावर चढलं तर तिथे उंचवटा येतो आणि थर दाबणाऱ्या कॅलेंडरच्या रोलखाली ती कड चुरते.

आमच्याकडे पहिले दोन महिने एक तर फट, नाहीतर उंचवटा. डायच्या दोन अर्ध्यांमध्ये स्टीलची पातळ शिम असते. तिच्यात काळ्यासाठी रुंद खाच, पांढऱ्यासाठी अरुंद खाच, आणि दोन्हींच्या मध्ये एक जीभ, थेट लिपच्या, म्हणजे डायच्या ओठाच्या, टोकापर्यंत आलेली. एका शनिवारी डाय धुताना या जिभेचं टोक वाकलं. नवी शिम यायला चार दिवस, ग्राहक सोमवारी दारात. आमच्या फिटर मामांनी वाकलेला तुकडा कात्रीने उडवला, कानस मारली, बर काढली, शिम ट्यूबलाइटसमोर धरून पाहिली आणि म्हणाले, "मिलिमीटरभर आखूड झालीय. बसवू का?" म्हटलं, बसवा. रात्री साडेनऊला लाइन सुरू केली आणि काळ्या-पांढऱ्याची सीमा पट्टीने रेघ मारावी तशी आली. मी जमिनीवर बसून भिंगाखाली दहा मीटर फॉइल इंच इंच पाहिली. फट नाही, चढ नाही. मामा काही बोलले नाहीत, हात पुसत शेजारी उभे होते.

कारण नंतर लक्षात आलं. जीभ लिपपर्यंत असली की दोन्ही द्रव बाहेर पडल्यावर एकमेकांना भेटतात. जीभ आखूड असली की ते डायच्या आतच, दाबाखाली, एकमेकांना चिकटतात आणि मगच बाहेर येतात. आम्ही पाच शिमा कापून घेतल्या, जीभ पूर्ण लांबीपासून २ मिलिमीटर आखूडपर्यंत, अर्ध्या मिलिमीटरच्या टप्प्याने. ०.५ ला अधूनमधून फट, १ ला स्वच्छ, १.५ ला चालण्यासारखं, २ ला पांढरं काळ्यात मिसळून मध्ये करडा पट्टा. प्रत्येक ट्रायल मी तारखेसह वहीत लिहिली. शोध म्हणाल तर हा, बाकी सगळी लाइन टेपचीच होती.

पेटंटचा मसुदा करायला एजंट आले तेव्हा मी ती वही घेऊन केबिनमध्ये गेलो. साहेबांनी ती उघडू दिली नाही. "आकडे द्यायचे नाहीत. जीभ आखूड आहे हे तर लिहायचंच नाही, ते आपलं गुपित. क्लेम मोठा मागा आणि आतलं झाकून ठेवा." मी म्हटलं, "साहेब, जे झाकून ठेवणार त्याचं पेटंट कसं मिळेल?" त्यावर उत्तर आलं, "तू डिझाइन बघ." आकृतीत जीभ लिपपर्यंत काढली गेली. जी रचना आमच्याकडे दोन महिने चालत नव्हती, नेमकी तीच आम्ही २०१७ मध्ये पेटंट कार्यालयात दाखल केली.

एफईआर, म्हणजे परीक्षकाचा पहिला तपासणी-अहवाल, आली २०२० मध्ये. त्यात दाखला दिलेले जुने कागद दोन. डी-१ फोटो-फिल्मचं. डी-२ टेपचं: दोन वेगळे गोंद शेजारी-शेजारी सोडणारं डाय, मध्ये विभाजक. हरकती दोन. पेटंट कायद्याचं कलम २(१)(जेए), म्हणजे इन्व्हेंटिव्ह स्टेप (जाणकाराला सहज न सुचणारं पाऊल) नाही, आणि कलम ३(एफ), म्हणजे ओळखीची साधनं नुसती ओळीने मांडली आहेत, प्रत्येक आपापलं काम आपापल्या जागी करतंय. साहेब भडकले. "या माणसाला बॅटरी कळत नाही!" मी डी-२ तीन वेळा वाचलं. ते आमच्या क्लेमला शब्दाला शब्द लागू पडत होतं. मला परीक्षकाचा राग आला नाही. इतका नेमका कागद शोधून काढल्याबद्दल आदरच वाटला.

आणि त्याच डी-२ मध्ये एक वाक्य होतं: विभाजक लिपच्या टोकापर्यंत आणा, नाहीतर दोन्ही गोंद मिसळतील. पुन्हा वाचा ते. जुनं ज्ञान सांगत होतं जीभ पूर्ण ठेवा, आम्ही ती आखूड केली आणि काम झालं. जाणकार माणसाला सहज सुचलं असतं, असं कोण म्हणणार? जाणकार माणसाला तर तसं करू नको असंच सांगून ठेवलं होतं. मशीनच्या पेटंटमध्ये यापेक्षा भक्कम बाजू मिळत नाही, आणि ती आमच्या वहीत पडून होती.

सुनावणी व्हिडिओवर झाली. एजंटनी दुरुस्त क्लेम मांडला: जीभ लिपच्या आत ठरावीक अंतरावर संपते. पेटंट कार्यालयाच्या कंट्रोलरनी अगदी शांतपणे विचारलं, "हे मूळ स्पेसिफिकेशनमध्ये कुठे आहे? पान आणि ओळ सांगा." एजंट पानं उलटत राहिले. मला ठाऊक होतं, नाहीच ते. कलम ५९ सरळ सांगतं की मूळ अर्जात जे उघड केलेलं नाही, ते दुरुस्तीच्या नावाखाली आत आणता येत नाही. अर्ज फेटाळला गेला. नव्याने करावा तर मशीन विकून काही वर्षं झाली होती, एका प्रदर्शनात डाय उघडून लोकांना दाखवलंही होतं. कलम ३१ ची सवलत केंद्र सरकारने राजपत्रात जाहीर केलेल्या प्रदर्शनांनाच मिळते, तीही बारा महिन्यांच्या आत अर्ज केला तर. आमचं दोन्हीत बसत नव्हतं.

साहेब आजही सांगतात की एजंटने घोळ घातला. नाही. एजंटला जे दिलं ते त्यांनी लिहिलं. आणि 'गुपित' म्हणजे नक्की काय, हेही आता बोलतोच. आमचा ग्राहक दर आठवड्याला डाय खोलून एनएमपी नावाच्या द्रावकाने धुतो. शिम त्याच्या हातात असते आणि व्हर्निअर त्याच्या टेबलावर. जी लांबी ग्राहकाचा ऑपरेटर दोन मिनिटांत मोजू शकतो ती गुपित कशी राहील? स्लरी कोणत्या क्रमाने आणि किती वेळ कालवायची हे गुपित राहू शकतं, कारण ते मशीनबरोबर ट्रकमध्ये चढत नाही. विकलेल्या पोलादाचं माप राहत नाही. मी हे तेव्हा केबिनमध्ये सांगितलं होतं, नोकरी सोडताना पुन्हा सांगितलं, आणि आज तुमच्या निमित्ताने लिहूनही ठेवतोय.

आता तुमच्या उत्तराकडे येतो. 'बॅटरी वेगळी आणि कागद वेगळा' या वाक्यावर उत्तर उभं करू नका, ते टिकणार नाही. तुमच्या मशीनमधला असा एखादा भाग, अंतर किंवा कोन शोधा, जो डी-१ मध्ये नाही आणि ज्यामुळे थरात मोजता येईल असा फरक पडतो. तो तुमच्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये किंवा आकृतीत असेल तर क्लेममध्ये ओढून घ्या. क्लेम अरुंद होईल, होऊ द्या. मिळालेला अरुंद क्लेम फेटाळलेल्या रुंद क्लेमपेक्षा कितीतरी उपयोगाचा. ३(एफ) आलं असेल तर भाग एकमेकांवर अवलंबून कसे चालतात ते दाखवा. उदाहरणार्थ, कडेचा कॅमेरा सीमा पाहतो आणि त्यावरून सेरॅमिकच्या पंपाचा वेग बदलतो, तर ते दोघं स्वतंत्र राहत नाहीत. फरक दाखवायला फोटो आणि मापं जोडा, विशेषणं नकोत.

सुप्रीम कोर्टाचा १९७८ चा बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज हा निकालही वाचून ठेवा. मिर्झापूरच्या भांडीवाल्यांचा वाद होता तो. लेथवर भांडं धरून ठेवायची सोय, पेटंट १९५१ मधलं, कोर्टात टिकलं नाही. कारखान्यात कुशल कारागीर सहज करतो तेवढ्या सुधारणेला पेटंट नाही, हे तिथलं सूत्र मशीनच्या अर्जांवर आजही लावलं जातं. आमच्या मामांच्या कानस मारण्यालाही कुणी तसंच म्हटलं असतं. मी म्हणतो ती तेवढीच सुधारणा नव्हती, कारण डी-२ तिच्या उलट सांगत होतं. पण ते म्हणण्याची वेळच आमच्यावर आली नाही.

पद्धतीचा क्लेम अर्जात आहे का तेही पाहा. कोणती स्लरी, किती घट्ट, कोणत्या क्रमाने, हे पद्धतीच्या क्लेममध्ये मोजलं जातं. मशीनच्या क्लेममध्ये बॅटरीला जे वजन नाही ते तिथे मिळू शकतं.

मी पेटंट एजंट नाही. माझा अनुभव ओल्या कोटिंगचा. तुमचं मशीन व्हॅक्यूममधलं असेल, स्पटरिंगचं किंवा अणुथर निक्षेपणाचं, तर समोर येणारे जुने कागद वेगळे असतील, बहुतेक सेमीकंडक्टरवाल्यांचे. आणि तुम्ही मशीन विकणारच नसाल, फक्त स्वतःच्या शेडमध्ये चालवणार असाल, तर आमच्या साहेबांचं म्हणणं तुमच्या बाबतीत बरोबर ठरू शकतं. मग गुपितच ठेवा, तिथे मी वाद घालणार नाही.

एफईआरची तारीख तुम्ही लिहिलेली नाही. उत्तराला सहा महिने असतात, मुदतवाढीचा फॉर्म ४ भरून आणखी तीन. त्या मुदतीत पहिलं काम एकच करा: मशीन जुळवणाऱ्या फिटरला शेजारी बसवा, दाखल केलेल्या आकृत्या त्याच्यासमोर ठेवा आणि विचारा, यात आपण प्रत्यक्षात केलं त्यापेक्षा वेगळं काय काढलंय?