जमिनीखालची अणुचाचणी लपते का?

प्रश्न : अणुचाचणी जमिनीखाली खोल केली, तर ती बाकीच्या जगाला कळते कशी? ‘आमच्याकडे भूकंप झाला’ असं सांगून एखादा देश सुटू शकत नाही का? आणि चाचणीबंदीचा करार अजून लागूच नाही म्हणतात, मग लक्ष ठेवतं कोण?

उत्तर : भूकंप झाला म्हणून सांगता येतं की! सांगायला कोण अडवतंय? भूकंपमापकाला मात्र ते पटत नाही. मी भूकंपशास्त्र शिकवायचो तेव्हा मुलांना दोन्ही तळहात घट्ट दाबून एकमेकांवरून सरकवायला लावायचो. भूकंपात खडकाचे दोन भाग असेच घासत सरकतात. त्यामुळे काही दिशांना जमीन ढकलली जाते, तर काही दिशांना ओढली जाते. स्फोटात ओढ नसतेच. धक्का चहूबाजूंनी बाहेर जातो, म्हणून सगळ्या केंद्रांवर पहिली हालचाल वरच्या दिशेची दिसते. शिवाय तेवढ्याच ताकदीच्या भूकंपाच्या मानाने स्फोटाच्या पृष्ठलहरी, म्हणजे जमिनीच्या पृष्ठभागालगत पसरणाऱ्या लहरी, अशक्त असतात. आणि कंपनाचा उगम शंभर किलोमीटर खोल निघाला, तर वादच मिटला. तिथवर बोगदा खणणारा अजून जन्माला यायचाय.

कंपन बारीक असलं की मात्र घोळ होतो. १६ ऑगस्ट १९९७ रोजी रशियाच्या नोवाया झेमल्या या चाचणीक्षेत्राजवळ छोटा धक्का नोंदला गेला आणि अमेरिकेत काहींनी चाचणीचा संशय घेतला. उगम नीट शोधल्यावर तो कारा समुद्राच्या तळाखाली निघाला. भूकंपच होता. उलट बाजूचं उदाहरण आपलंच आहे. ११ मे १९९८ चा पोखरणचा धक्का जगभर नोंदला गेला. १३ मे रोजी जाहीर केलेल्या दोन चाचण्या एका किलोटनपेक्षा (हजार टन टीएनटीच्या स्फोटाइतक्या ताकदीपेक्षा) लहान होत्या, त्यांची खूण परदेशी भूकंपमापकांवर सापडली नाही.

बरं, स्फोट झाला हे कळलं, तरी तो अणुस्फोटच होता हे लहरी सांगत नाहीत. ते काम झेनॉनचं. अणुविखंडनात तयार होणारा हा वायू कशाशी संयोग पावत नाही, त्यामुळे खडकाच्या भेगांतून हळूहळू वर झिरपतो. उत्तर कोरियाने १२ फेब्रुवारी २०१३ ला चाचणी केली. कंपनं मिनिटांत पोहोचली. झेनॉन मात्र जपानमधल्या ताकासाकी केंद्रात सापडला तो ५५ दिवसांनी. झेनॉन-१३३ या त्याच्या किरणोत्सारी प्रकाराचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मा नाहीसा व्हायला लागणारा काळ, साधारण सव्वापाच दिवसांचं. म्हणजे तोवर मूळच्या झेनॉनचा हजारावा हिस्साही उरला नव्हता. तरी तो मोजला गेला आणि झेनॉनच्या दोन समस्थानिकांचं (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचं) प्रमाण ताडून चाचणीच्या तारखेशी जुळवलाही गेला. मला विचाराल तर या सगळ्या यंत्रणेतलं सर्वांत देखणं काम हेच. पण वायू बाहेर येईलच असा नेम नाही. त्याच देशाच्या मे २००९ च्या चाचणीनंतर काहीच हाती लागलं नव्हतं.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. सर्वंकष चाचणीबंदी करार १९९६ मध्ये सह्यांसाठी खुला झाला. त्याची तयारी पाहणारी संघटना व्हिएन्नात आहे. करारात ३३७ सुविधांचं जाळं ठरलंय : जमिनीत भूकंपमापक, समुद्रात ध्वनिग्राहक, हवेत कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनीचे मापक, आणि किरणोत्सार टिपणारी केंद्रं व प्रयोगशाळा. त्यातल्या बहुतेक सुरू आहेत. २०१३ च्या त्या चाचणीनंतर तीनच दिवसांनी रशियातल्या चेल्याबिन्स्कवर अशनी फुटला, त्याचाही आवाज याच जाळ्याने पकडला! भारताने करारावर सही केलेली नाही, त्यामुळे या जाळ्यात आपलं केंद्र नाही. आपला कर्नाटकातल्या गौरीबिदनूरचा भूकंपमापकांचा संच १९६५ पासूनचा, म्हणजे करारापेक्षा कितीतरी जुना.

अडतं ते यंत्रापाशी नाही. १९६३ मध्ये हवेतल्या, पाण्यातल्या आणि अंतराळातल्या चाचण्यांवर बंदी आली, जमिनीखालच्या तेवढ्या सुटल्या. का? तर प्रत्यक्ष जागेवर जाऊन वर्षाला किती तपासण्या करायच्या यावर घोडं पेंड खात होतं. सोव्हिएत संघ दोन-तीन म्हणत होता, अमेरिका सातच्या खाली यायला तयार नव्हती. चार-पाच तपासण्यांच्या फरकासाठी पुढची कित्येक वर्षं शेकडो स्फोट जमिनीखाली होत राहिले. हे आठवलं की आजही माझा संताप होतो. अविश्वास इतका ठाम असताना १९८६ मध्ये मात्र अमेरिकी शास्त्रज्ञांनी सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संमतीने सेमिपलातिन्स्क चाचणीक्षेत्राजवळ आपले भूकंपमापक नेऊन बसवले. तेही सरकारांमधल्या करारातून नव्हे, एका बिगरसरकारी संस्थेच्या पुढाकाराने.

१९९६ च्या करारात जागेवरच्या तपासणीची तरतूद आहे : ५१ सदस्यांच्या कार्यकारी मंडळातली किमान ३० मतं मिळाली, तर १,००० चौरस किलोमीटरपर्यंतचा भाग धुंडाळता येईल. पण करार लागू झाल्यावर. त्यासाठी नेमून दिलेल्या ४४ देशांची नुसती सही पुरत नाही, सहीनंतरची मान्यताही लागते. भारत, पाकिस्तान आणि उत्तर कोरियाने सहीच केलेली नाही. अमेरिका, चीन, इस्रायल, इराण आणि इजिप्तने सही करून मान्यता अडवली आहे. आणि दिलेली मान्यता २०२३ मध्ये रशियाने मागे घेतली.