‘मॉर्ट’ वाचायला घेताय? मग आधी एवढं करा

टेरी प्रॅचेट यांची ‘मॉर्ट’ (१९८७) निवडलीत, फार छान! डिस्कवर्ल्ड या त्यांच्या विनोदी फँटसी मालिकेत ४१ कादंबऱ्या आहेत म्हणून दडपण घेऊ नका. ही चौथी असली तरी आधीच्या तीन वाचलेल्या नसल्या तरी काही अडत नाही.

नवे वाचक हमखास करतात ती चूक म्हणजे वाचन-मार्गदर्शिका आधी उघडणं. विनोद समजावून घेतला की हसू येत नाही. पहिलं वाचन पुस्तकाबरोबर एकट्यानं करा, संदर्भ निसटले तरी निसटू देत. मार्गदर्शिका दुसऱ्या वाचनाला.

- तळटीपा गाळू नका. निम्मी गंमत तिथेच असते.
- पुस्तकात प्रकरणं नाहीत. रोज कुठे थांबायचं ते तुम्हीच ठरवा, आणि थांबलात तिथे दोन ओळी लिहून ठेवा.
- मृत्यू हे इथलं एक पात्रच आहे. त्याचे संवाद अवतरणचिन्हांशिवाय, छोट्या कॅपिटल अक्षरांत छापलेत. ते मोठ्यानं वाचून बघा.

मार्गदर्शिकेतले सगळे प्रश्न सोडवायची गरज नाही. एकच प्रसंग धरा. मृत्यूकडे उमेदवारी करणारा मॉर्ट राजकन्या केलीला मरणापासून वाचवतो, पण जगाच्या लेखी ती मेलेलीच असते. समोर उभी असूनही लोकांच्या ती लक्षात येत नाही, म्हणून आपण आहोत याची लोकांना आठवण करून द्यायला ती एका जादूगाराला नेमते. इथे आपण का हसतो आणि हसताना पोटात कालवतं का, यावर पानभर लिहा. मला तरी हा या पुस्तकातला सर्वांत सुंदर धागा वाटतो.

विडंबन, पुराणकथांचे संदर्भ वगैरे नंतर बघू. पहिली पन्नास पानं झाली की कळवा.