प्रेम आटलेलं नाही, गोळीने ब्रेक लागलाय

ताई, तीन महिने एस्सिटालोप्राम ही डिप्रेशनवरची गोळी चालू आहे, मन सावरलं पण नवऱ्याजवळ गेलं की काही वाटतच नाही, ऑर्गॅझम तर येतच नाही, मग माझं प्रेमच आटलं का असं तुम्ही विचारलंय. नाही हो. मीही या गोळ्यांवर वर्षभर होते आणि हेच वाटून रात्र रात्र रडलेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी ही ओढ मेंदूत कुठून येते ते बघू. डोपामिन म्हणजे मेंदूतलं आनंदाचं केमिकल असं सगळीकडे वाचायला मिळतं ना, ते अर्धवट आहे. 1954 साली ओल्ड्स आणि मिल्नर या संशोधकांनी उंदरांच्या मेंदूत तार बसवली तर उंदीर करंट मिळवायला दांडी दाबतच राहिले, तेव्हा सगळ्यांना वाटलं की आनंदाची जागा सापडली. पण नंतर मेंदूचे अभ्यासक केंट बेरिज यांनी दाखवलं की डोपामिन जवळजवळ संपवलेला उंदीर अन्नाकडे जातसुद्धा नाही, मात्र जिभेवर साखरेचं पाणी टाकलं की आवडीने ओठ चाटतो! म्हणजे ओढ वाटणं वेगळं आणि गोडी लागणं वेगळं. ओढ डोपामिनची, गोडीत मेंदूतल्या अफूसारख्या रसायनांचा मोठा हात. पार्किन्सनच्या काही पेशंटना डोपामिनसारखं काम करणाऱ्या गोळ्यांनी कामेच्छा आवरेनाशी होते, ती याच ओढीमुळे.

आता तुमची गोळी. ती सेरोटोनिन हे मेंदूतलं दुसरं रसायन वाढवते, आणि सेक्सच्या बाबतीत सेरोटोनिन बऱ्याच अंशी ब्रेकचं काम करतं, ओढ मंदावते आणि ऑर्गॅझम लांबतो किंवा येतच नाही. पुरुषांच्या शीघ्रपतनावर डॅपॉक्सेटिन देतात ना, तेही याच जातीचं औषध, तिथे हाच ब्रेक उपयोगी पडतो. म्हणजे जे तुम्ही प्रेमाच्या खात्यावर मांडताय ते औषधाच्या खात्यावर मांडायचंय.

पण कृपा करून गोळी मनाने बंद करू नका, एकदम सोडली की चक्कर येते, डोक्यात झटके बसल्यासारखं होतं, मी केलंय ते. डॉक्टरांना न लाजता नेमकं सांगा, इच्छाच होत नाही, की इच्छा होते पण शेवटपर्यंत पोचत नाही, की स्पर्शच बधिर लागतो, आणि गोळीच्या आधी कसं होतं तेही, कारण डिप्रेशननेसुद्धा इच्छा मरते. मग ते डोस कमी करतात किंवा ब्युप्रोपिऑनसारखं डिप्रेशनवरचं दुसरं औषध बघतात, माझा डोसच कमी केला होता.

आणि हे नवऱ्यालाही वाचायला द्या. माझ्या नवऱ्याला वर्षभर वाटत होतं की तो मला नकोसा झालाय, बोलला मात्र नाही.