ताणलं की लांबच राहणारं रबर

प्रश्न: मी पॉलिमर सायन्सला एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी लिक्विड क्रिस्टल इलॅस्टोमरची पट्टी ताणली, आधी दुधाळ होती ती ताणल्यावर पारदर्शक झाली, पण सोडली तर अर्धीच मागे आली. जोर आणि लांबीचा ग्राफ पण मधे सपाट येतोय. सँपल वाया गेलं का?

उत्तर: नाही हो, फेकू नका ती पट्टी! साधं रबर ताणलं की वेटोळ्या साखळ्या पहिल्यापासून उलगडायला लागतात आणि जोर चढत जातो. लिक्विड क्रिस्टल इलॅस्टोमरमधे मात्र साखळ्यांमधे काडीसारखे कडक रेणू गुंफलेले असतात, एका बारक्या भागात त्यांची तोंडं एकीकडे आणि शेजारच्या भागात भलतीकडेच, त्यामुळे उजेड विखुरतो आणि पट्टी दुधाळ दिसते. ओढायला लागलं की आधी थोडा विरोध होतो, मग काड्या ओढीच्या दिशेला वळायला लागतात आणि त्यांच्याबरोबर साखळ्याही वळतात, म्हणजे लांबी वाढते पण साखळ्यांवर फारसा ताण येत नाही, म्हणून जोर जवळपास तेवढाच राहतो. तुमचा सपाट भाग तो हाच. सगळ्या वळल्या की पारदर्शक, पुढे ग्राफ परत वर. असं रबर बनू शकेल हे फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ द जेन यांनी 1975 मधेच सुचवलं होतं, जर्मन रसायनशास्त्रज्ञ फिंकेलमान यांनी 1981 मधे ते करून दाखवलं, आणि ही मऊ चाल गणितात बसवली केंब्रिजच्या वॉर्नर आणि टेरेन्टयेव यांनी.

आता मागे का येत नाही? कारण वळलेल्या काड्यांना परत फिरवायला आतून फारसा जोरच नसतो. काड्यांची एका दिशेची रांग मोडते त्या तापमानाच्या वर पट्टी मोकळी गरम करा, आपोआप आखडेल. आणि क्रॉसलिंकिंग (साखळ्या एकमेकींना जोडणं) कुठल्या अवस्थेत केलंय ते बघा, ही रांग नसताना, गरम असतानाच केलं असेल तर पट्टी जास्त मऊ निघते, थंड असताना, भागाभागात काड्यांची तोंडं वेगवेगळीकडे असताना केलं असेल तर तिला जुनी मांडणी आठवते, ओढायला जड जाते पण मागेही जास्त येते.

दर टेस्टच्या आधी गरम करून थंड करा नाहीतर आधीच्या ताणाचा हिशोब पुढच्या ग्राफमधे येतो. स्पीडही लिहून ठेवा, भराभर ओढलं तर काड्यांना वळायला वेळ मिळत नाही आणि सपाट भाग वर सरकतो (स्पीड न लिहिलेला ग्राफ मी तरी बघत नाही). गरम करूनही लांबी परत आली नाही, तर मात्र क्रॉसलिंकिंग कमी पडलंय का आणि पट्टी क्लँपमधून सरकली का, हे दोन्ही तपासा.