सूचनावहीचं अर्धं मिनिट

प्रिय पोरी,

काल तुझा फोन ठेवल्यावर बराच वेळ ओट्यावर बसून होते. आठवीतल्या मुलाने वही भिरकावली, ‘नाही लिहिणार, काय करायचं ते करा’ म्हणाला, तू त्याला बाहेर काढलंस आणि आता बदली मागायची म्हणतेस. बदलीचं राहू दे. शिक्षणसेवकाला कोण देतंय बदली!

माझं ऐक. धुळ्याजवळच्या एका शाळेत मी नवीन होते. एक मुलगा निबंध वाचत होता, ‘आमना गावले नदी शे.’ अहिराणीत ‘शे’ म्हणजे ‘आहे’. मी म्हटलं, ‘शे? शंभरातलं शे का रे?’ वर्ग खो खो हसला. त्याने कंपासपेटी बाकावर अशी आपटली की कर्कटक घरंगळत माझ्या पायाशी आलं. ‘बाहेर हो!’ मी ओरडले. तो हलेना. मीही हटेना. चाळीस पोरं बघतायत, कोण जिंकतंय म्हणून. तेवढ्यात शिपाई सूचनावही घेऊन आला. मी सही करून मान वर केली, तर तो खाली बसलेला.

त्याला एवढंच हवं होतं गं, कुणी बघत नसलेलं अर्धं मिनिट. ते मी दिलं नव्हतं, शिपायाने दिलं.

तेव्हापासून मी ते स्वतःच द्यायला लागले. आवाज चढला की फळ्याकडे वळायचं, बाकीच्यांना ‘पुढचं पान काढा’ म्हणायचं. मग फिरत फिरत त्याच्या बाकाशेजारी जायचं, समोर उभं नाही राहायचं. हळू आवाजात एकच वाक्य: ‘आत्ता लिही, नाहीतर मधल्या सुट्टीनंतर लिही.’ हात धरायचा नाही, वही ओढायची नाही. बाहेर तर काढूच नकोस, तो रस्त्यावर गेला तर जबाबदारी तुझीच. पण हातात कर्कटक असेल किंवा तो दुसऱ्याच्या अंगावर जात असेल, तर शूरपणा नको. आधी बाकीची मुलं बाजूला कर आणि शेजारच्या वर्गातल्या सरांना बोलावून घे.

‘एक ठेवून दिली असती तर?’ असं स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणेलच. शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम १७ त्यांना दाखव. मारणं तर नाहीच, मानसिक छळालाही बंदी आहे. माझी ती ‘शे’ची कोटी त्यात बसली असती, असं मला आज वाटतं.

बोलायचं ते दुसऱ्या दिवशी, खिचडीनंतर. ‘का केलंस?’ विचारलंस तर मान खाली जाईल. ‘काय व्हयनं रे?’ विचार. कापूस वेचणीच्या दिवसांत पोरं पहाटेपासून शेतात राबून येतात, तसं काही निघेल. काहीच निघणार नाही, असंही होईल. कधी कधी पोरगं नव्या बाईंना नुसतं जोखत असतं. प्रत्येक रागामागे दुःख हुडकत बसू नकोस. कारण काहीही असो, फाटलेली वही त्यानेच चिकटवायची आणि राहिलेला धडा त्यानेच लिहायचा.

मी त्या मुलाला हातपंपावर गाठून म्हटलं, ‘मनं चुकनं रे.’ त्याने ‘हं’ केलं आणि ताट धुवत राहिला. बस, एवढंच. पण पुढच्या निबंधात त्याने पुन्हा ‘शे’ लिहिलं, आणि मी शेजारी पेन्सिलीने बारीक ‘आहे’ लिहिलं.

सोमवारी हजेरी घेताना त्याच्या नावापाशी थांबू नकोस. आवाजही बदलू नकोस. त्याच्या आधीचं नाव जसं घेतलंस, तसंच त्याचं घे.

तुझी,
बाई