संरचित मुलाखतीची ‘विश्वसनीयता’ म्हणजे नेमके काय?

‘अमली पदार्थांच्या गैरवापराच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या संरचित मुलाखतींची विश्वसनीयता तपासली’ या वाक्याचा अर्थ व्यसनी माणूस खरे बोलतो की नाही हे तपासले, असा घ्यावा का, आणि तेथे ‘विश्वासार्हता’ चालेल का, असे विचारले आहे.

तसा अर्थ घेऊ नये. संरचित मुलाखत म्हणजे ठरलेले प्रश्न ठरलेल्या क्रमाने विचारून निदान करण्याची पद्धत; येथे ‘विश्वसनीयता’ हा मुलाखत या साधनाचा गुण आहे. एकाच माणसाची मुलाखत दोन प्रशिक्षित व्यक्तींनी, एकमेकींचा निष्कर्ष न पाहता, काही दिवसांच्या अंतराने घेतली, तर दोन्ही निदाने जुळतात का, एवढेच त्यात पाहिले जाते. त्या माणसाने दोन्ही वेळा दारूचे प्रमाण सारखेच लपवले, तर निदाने जुळतील आणि तरीही चुकीची असतील. तो दोष ‘सप्रमाणते’चा, म्हणजे वैधतेचा: साधनाने जे ओळखायचे तेच ते ओळखते का, याचा. ‘विश्वासार्हता’ आपण माणसाबद्दल किंवा बातमीबद्दल बोलताना वापरतो, त्यामुळे हाच गैरसमज बळावतो. म्हणून मी तो शब्द येथे टाळीन.

‘जुळणीची टक्केवारी’ हाही विश्वसनीयतेचा पर्याय नव्हे. समजा, व्यसनमुक्ती केंद्रातील १०० जणांपैकी ८५ जणांना दोन्ही मुलाखतकारांनी ‘अवलंबित्व (पदार्थावाचून चालेनासे होणे) आहे’ म्हटले, ५ जणांना दोघांनीही ‘नाही’ म्हटले आणि उरलेल्या १० जणांबाबत मतभेद झाला, त्यात प्रत्येकाचे ‘आहे’ पाच वेळा आले. जुळणी ९० टक्के झाली खरी, परंतु दोघेही १०० पैकी ९० जणांना ‘आहे’ म्हणत असल्यामुळे निव्वळ योगायोगानेच ८२ टक्के जुळणी अपेक्षित होती. योगायोगाचा हा वाटा वजा करणारा ‘कप्पा’ हा गुणांक मानसशास्त्रज्ञ जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडला; पूर्ण जुळणीला तो १ येतो, निव्वळ योगायोगाइतक्या जुळणीला ०. येथे तो जेमतेम ०.४४ येतो.

‘गैरवापर’ (नुकसान होत असूनही वापर) आणि ‘अवलंबित्व’ यांचीही सरमिसळ करू नये. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या १९९४ च्या निदान-पुस्तिकेत अवलंबित्वासाठी सातांपैकी तीन निकष लागत, तर गैरवापरासाठी चारांपैकी एकच पुरे होई. साहजिकच एका उत्तरात फरक पडला तरी निदान बदले, आणि गैरवापराच्या निदानाची विश्वसनीयता सहसा कमी भरे. २०१३ च्या आवृत्तीत दोन्ही मिळून अकरा निकषांचा एकच विकार झाला. त्यामुळे त्यापूर्वीच्या अभ्यासांचे भाषांतर करताना दोन्हींना सरसकट ‘व्यसन’ म्हटले, तर कोणत्या निदानाची विश्वसनीयता तपासली, हेच वाचकाला कळणार नाही.