सोंगटी हलली की खेळ सुरू

प्रश्न : कॉलेजपासून आम्ही पाच मित्र ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा एकेक पात्र घेऊन मिळून गोष्ट रंगवण्याचा खेळ खेळतो. आता कुणी पुण्यात, कुणी दुबईत, कुणी न्यू जर्सीत असल्यामुळे आम्ही ‘रोल२०’ या संकेतस्थळावर खेळू लागलो. माझ्या वहिनींनाही यात फार रस आहे, परंतु पहिल्याच दिवशी त्यांची स्क्रीन काळी झाली आणि ‘हे माझ्या आवाक्यातले नाही’ असे म्हणून त्या उठून गेल्या. मी डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट सांगणारा आणि खेळ चालवणारा, आहे. संगणकाची सवय नसलेल्या माणसाला हे कसे शिकवावे?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आपल्या वहिनींचे काहीही चुकलेले नाही, हे त्यांना सर्वांत आधी सांगा. नकाशावर डायनॅमिक लायटिंग ही उजेड-अंधाराची सोय चालू असते, तेव्हा खेळाडूला त्याच्या सोंगटीला जेवढे दिसते तेवढेच दिसते. आणि ती सोंगटी त्या खेळाडूच्या नावावर केलेली नसेल किंवा तिची ‘दृष्टी’ चालू केलेली नसेल, तर समोर निव्वळ काळोख येतो. ही दोन्ही कामे डंजन मास्टरची आहेत. नवख्या माणसाला मात्र आपणच काहीतरी बिघडवले असे वाटते, आणि एकदा ही धास्ती बसली की तो पुढे कशालाच हात लावत नाही. म्हणून पहिल्या दिवशी लायटिंग सरळ बंद ठेवा.

हा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याला कागद, पेन्सिल आणि फासे एवढेच लागत असे. आजही खेळाडूला मुळात तीनच गोष्टी करायच्या असतात : सोंगटी हलवणे, फासे टाकणे आणि आपले पात्र काय करते ते बोलून सांगणे. नकाशाचा थर, सोंगट्यांचा थर, फक्त डंजन मास्टरला दिसणारा थर ही सगळी आपली सामग्री आहे. ती वहिनींना समजावून सांगत बसणे म्हणजे जेवायला आलेल्या पाहुण्याला आधी कोठीघर दाखवण्यासारखे आहे. त्यांचे पात्र आपणच तयार करून ठेवा, सोंगटी त्यांच्या नावावर करा, आणि खेळाच्या आदल्या दिवशी फक्त त्या दोघींसाठी, म्हणजे वहिनी आणि त्यांची सोंगटी यांच्यासाठी, एक रिकामी खोली व एक बंद दार असलेला नकाशा मांडा.

त्या अर्ध्या तासात स्क्रीन आपली नव्हे, तर वहिनींची शेअर करायला सांगा, कारण त्यांची नजर कुठे अडते ते आपल्याला तेव्हाच कळेल. माझ्या अनुभवात घोडे बहुतेक वेळा नकाशा सरकवताना अडते. त्यासाठी माउसचे उजवे बटण दाबून ओढावे लागते, आणि लॅपटॉपच्या टचपॅडवर हे जमवताना जाणत्यांचीही तारांबळ उडते. तेव्हा एक साधा माउस जोडून द्या. मग ‘दारापर्यंत चला’ एवढेच म्हणा आणि थांबा. दार उघडायला फासे टाकावे लागतील, तेव्हा पात्राच्या नोंदपत्रावरील कौशल्याच्या नावावर क्लिक करायला सांगा. वीस बाजूंच्या फाशाचा आकडा आणि त्यात पात्राचे कौशल्याचे गुण मिळवून होणारी बेरीज चॅटमध्ये आपोआप उमटते. त्या चाचपडत असताना माउस आपल्या हातात घेण्याचा मोह कृपया टाळा. तासाभराचा इंग्रजी व्हिडिओ पाठवण्यापेक्षा आपल्याच खेळाच्या स्क्रीनचे चित्र घेऊन त्यावर मराठीत चार बाण काढून दिलेत, तर ते कितीतरी जास्त उपयोगी पडेल.

एवढे करूनही पसारा जास्त वाटला, तर ‘आउलबेअर रोडिओ’ हे याच कामाचे दुसरे, अधिक साधे संकेतस्थळ वापरून पाहा. तिथे खेळाडूला खाते न उघडता दुव्यावरून थेट नकाशावर येता येते. ‘फाउंड्री’ या आणखी एका सॉफ्टवेअरमध्ये सोयी पुष्कळ आहेत आणि परवाना एकट्या डंजन मास्टरने घेतला तरी पुरतो, परंतु ते स्वतःच्या संगणकावरून इतरांसाठी चालवताना राउटरच्या सेटिंगमध्ये हात घालावा लागू शकतो, म्हणून आपल्या मंडळींसाठी मी ते आज सुचवणार नाही.

आणि वहिनींना फासे हातातच खुळखुळवायला आवडत असतील, तर त्यांना खरे फासे टाकून आकडा सांगू द्या. बेरीज आपण करा.